लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि मातीचे ऋण कार्य

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात नववीत शिकणाऱ्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्य आणि ऊर्जा हा धडा असतो. बल आणि विस्थापन एकाच दिशेला असेल तर धन कार्य, विरुद्ध दिशेला असेल तर ऋण कार्य आणि काटकोनात असेल तर शून्य कार्य, एवढे तो पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. त्याच्या आजोबांनी मात्र हा धडा पुस्तकाशिवायच गिरवलेला असतो. बैल नांगर पुढे ओढतात आणि माती त्याला मागे खेचते. विहिरीतून मोट वर येते आणि तिच्यातले पाणी पृथ्वी खाली ओढत असते. शेतीचे निम्मे कष्ट या उलट्या ओढीशी झगडण्यातच जातात.

या उलट्या ओढीला यंत्राने तोंड देण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, असे एक नाव महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पंपावर आणि इंजिनावर त्यांचे आडनाव वाचत तीन-चार पिढ्या मोठ्या झाल्या. लक्ष्मणरावांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली नव्हती. त्यांनी शिक्षणाची सुरुवात केली ती चित्रकलेने. तरीही सायकल, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि पंप अशा ज्या वस्तूंत त्यांनी हात घातला, त्या एकामागोमाग मांडल्या तर नववीच्या त्या धड्याची उजळणी आपोआप होते.

विहिरीतली बादली

आधी धड्यातली गोष्ट थोडी नीट पाहू. विहिरीत दहा मीटर खोल पाणी आहे आणि दोराला बांधलेली भरलेली बादली दहा किलोची आहे, असे समजा. तिचे वजन म्हणजे पृथ्वीची ओढ, साधारण ९८ न्यूटन. बादली संथपणे वर ओढताना हात तिला वर खेचतो आणि ती वरच जाते. हाताने केलेले कार्य धन, ९८ गुणिले १०, म्हणजे ९८० ज्यूल. त्याच वेळी पृथ्वी बादलीला खाली ओढत असते आणि बादली मात्र वर जात असते. पृथ्वीने केलेले कार्य ऋण, उणे ९८० ज्यूल. दोहोंची बेरीज शून्य. बादली तळाशी जवळजवळ स्थिर होती, काठावर आल्यावरही स्थिरच आहे. तिच्या गतीत काही फरक पडला नाही, याचा अर्थ ही बेरीज शून्यच यायला हवी.

बादली रिकामी करून पुन्हा सोडताना चित्र उलटते. आता पृथ्वीची ओढ आणि बादलीची चाल एकाच दिशेला असतात, म्हणून पृथ्वीचे कार्य धन. दोर सुटू नये म्हणून हात तो आवरून धरतो, म्हणजे खाली जाणाऱ्या बादलीला वर खेचतो. हाताचे कार्य ऋण. काठावर बादली हातात धरून कोणाशी बोलत उभे राहिले तर विस्थापनच नाही, म्हणून बादलीवर होणारे कार्य शून्य. दंड मात्र भरून येतो. कारण बादली हलत नसली तरी स्नायूंतले तंतू सतत आकुंचन पावत असतात आणि त्यासाठी शरीराची ऊर्जा खर्च होतच राहते.

कार्य या शब्दाला असा नेमका अर्थ दिला तो फ्रान्सच्या गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिऑलिस यांनी, १८२९ मध्ये. यंत्रे किती काम देतात याचा हिशेब मांडणारे पुस्तक त्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. त्याआधी इंग्लंडात जेम्स वॉट यांनी आपली वाफेची इंजिने खपवताना अश्वशक्तीचे माप रूढ केले होते. घोडे काढून इंजिन घेणाऱ्याला ते किती घोड्यांचे काम करील हे सांगावे लागे. ही कल्पना मुळात खाणी, गिरण्या आणि पंपांच्या जगातली आहे.

गुर्लहोसूरचा मुलगा

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांना चित्रे आणि यंत्रे यांची ओढ अधिक. मुंबईला जाऊन त्यांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. चित्रकाराच्या धंद्यात हा दोष मोठाच. रंगांधळेपणाला तेव्हा इलाज नव्हता आणि जन्मजात प्रकाराला आजही सर्वमान्य उपचार नाही. चित्रकला सोडावी लागली. पण यंत्रांची रेखाटने काढायला रंगांची गरज नसते. ती ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले.

यंत्राचे रेखाटन काढणाऱ्याला प्रत्येक भाग कुठून कुठे सरकतो, कोणता दांडा कशाला ढकलतो आणि कुठे काय घासते, हे समजून घ्यावेच लागते. पुढच्या आयुष्यात उपयोगी पडली ती हीच नजर.

सायकलचे दुकान

मुंबईत असताना लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली आणि ते तिच्या प्रेमात पडले. ते मुंबईहून सायकली पाठवू लागले आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, त्या विकू लागले. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली या सायकलच्या दुकानापासून मानली जाते. पुढे संस्थेत बढतीची पाळी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलले गेले. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बलांचे कार्य समजायला सायकलइतके सोपे यंत्र दुसरे नाही. पाय पेडल खाली दाबतो आणि पेडल खाली जाते, हे धन कार्य. समोरचा वारा सायकलला मागे रेटतो, आस घासतो, टायर दबतो-फुगतो, ही सगळी ऋण कार्ये. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना पायांनी जेवढे द्यावे तेवढे या तिघांनी काढून घ्यावे, असा चोख हिशेब चाललेला असतो. सायकल आणि स्वार यांचे वजनही खाली ओढत असतेच, पण सपाट रस्त्यावर चाल आडवी आणि ओढ उभी. काटकोन झाला, म्हणून वजनाचे कार्य शून्य. तुळजापूरचा घाट चढू लागले की तेच वजन ऋण कार्य करू लागते आणि उतरताना धन. उतारावर ब्रेक दाबावा लागतो. ब्रेकचे रबर चाकाला उलट्या दिशेने घासते, म्हणजे ऋण कार्य करते. ते नसते तर घाटाच्या पायथ्याशी प्राण वाचले नसते. ऋण म्हणजे वाईट, असा समज मुलांच्या मनात शब्दामुळे बसतो. ब्रेक हा त्यावर चांगला उतारा आहे.

ब्रेक दाबल्यावर नाहीशी झालेली गती कुठे जाते, याचे उत्तर इंग्लंडच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४० च्या दशकात दिले. खाली येणाऱ्या वजनांनी त्यांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किंचित तापते हे मोजून दाखवले. घर्षणाच्या ऋण कार्याने गेलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात शिल्लक राहते. घाट उतरल्यावर ब्रेकला हात लावला तर चटका बसतो, तो याचाच.

स्नायूंचेही असेच आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एका स्वाराने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलटे फिरणारे पेडल अडवायचे. दोघांचा जोर सारखाच, पण एकाचे स्नायू धन कार्य करत होते आणि दुसऱ्याचे ऋण. अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. म्हणून डोंगर उतरताना चढण्याएवढा दम लागत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या मात्र उतरण्यानेच. ताणले जात असताना जोर लावणाऱ्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. सवय नसलेल्याने एकदम लांब उतार किंवा खूप जिने उतरू नयेत, हळूहळू सवय करावी, हा सल्ला त्यातूनच आला.

कडबा आणि जड चाक

बेळगावला आल्यावर शेतकऱ्याच्या उपयोगाचे काहीतरी करावे असे लक्ष्मणरावांनी ठरवले. त्यांच्या पहिल्या वस्तूंपैकी एक होती कडबा कापण्याचे यंत्र. धाराशिव, सोलापूर भागात ज्वारी हे घरचे धान्य आणि तिचा कडबा हा गुरांचा वर्षभराचा आधार. अख्ख्या ताटाचा बराचसा भाग जनावर तुडवून वाया घालवते. बारीक कुट्टी केली तर ते सगळे खाते. दुष्काळात ही बचत गोठ्यातले जनावर जगवते.

कोयत्याने कडबा तोडताना प्रत्येक घावाला हात उचलावा लागतो आणि सगळा जोर एकाच क्षणी लावावा लागतो. हाताने फिरवायच्या यंत्रात एक जड चाक असते आणि पाती त्याच्यावरच बसवलेली असतात. हात पूर्ण फेऱ्यात थोडा थोडा जोर लावतो, म्हणजे चाकावर सतत धन कार्य करतो. कडबा मात्र पात्याला भेटतो तो फेऱ्यातल्या थोड्याशा भागात, आणि तेवढ्यात तो मोठे ऋण कार्य करून चाकाची गती घटवतो. चाक जड असल्याने ते अडत नाही. त्याने साठवलेली गती कापण्यासाठी खर्च होते आणि हात ती पुढच्या फेऱ्यात भरून काढतो. थेंबे थेंबे साठवून गरजेच्या क्षणी एकदम खर्च करण्याची ही युक्ती आहे. शक्ती तीच, पण घरातली म्हातारी व्यक्तीसुद्धा ती वापरू शकते.

लोखंडाने जमीन बाटते

त्या काळी शेत नांगरायचे ते लाकडी नांगराने. तो जमीन फाडतो, माती दोन्ही बाजूंना सारतो, पण ती पलटत नाही. एकदा उभी आणि एकदा आडवी, अशी पुन्हा पुन्हा नांगरट करावी लागे आणि तरी हरळी, कुंदा यांची मुळे खाली शाबूत राहत. परदेशी बनावटीचे लोखंडी नांगर बाजारात आले होते. त्यांचा फाळ मातीचा पट्टा कापतो आणि फाळामागचा वळणदार पत्रा तो पट्टा उचलून उलथा टाकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणरावांनी बेळगावातल्या छोट्या कारखान्यात असा नांगर घडवला.

नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी येईना. लोखंड लागले की जमिनीत विष भिनते आणि पीक येत नाही, असा शेतकऱ्यांचा समज होता. हा समज केवळ आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हीच शंका काढली होती. ज्याचे सगळे वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूला घाबरावे यात नवल नाही. लक्ष्मणरावांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत पैसा अडकून पडला होता आणि कारखाना चालवायचा होता. त्यांनी नांगर सोडून दिला नाही. एकाच्या शेतात तो चालला, पीक आले, शेजाऱ्याने पाहिले आणि मग मागणी हळूहळू वाढू लागली.

या नांगराचे गणित करून पाहण्यासारखे आहे. मध्यम नांगर पुढे न्यायला बैलजोडीला ८०० न्यूटन बल लावावे लागते आणि एका तासाची रुंदी २० सेंटिमीटर आहे, असे धरा. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. ते नांगरायला बैलांना २० किलोमीटर चालावे लागते. ८०० गुणिले २०,००० म्हणजे १ कोटी ६० लाख ज्यूल, हे बैलांनी नांगरावर केलेले धन कार्य. नांगर सकाळी थांबलेला होता, संध्याकाळीही थांबलेलाच आहे. म्हणजे मातीनेही तेवढेच ऋण कार्य केले. एवढी ऊर्जा साडेचार युनिट विजेइतकी भरते. ताशी अडीच किलोमीटर चालीने त्याला आठ तास, म्हणजे बैलांचा अख्खा दिवस लागतो, आणि जोडीची शक्ती होते पाऊण अश्वशक्तीच्या आसपास.

यात एक बारकावा आहे. जोखड उंचावर आणि नांगर जमिनीत, म्हणून दोर किंवा साखळी तिरकी असते. तिरक्या ओढीचा जो भाग पुढच्या दिशेला आहे तोच कार्य करतो. वरच्या दिशेचा भाग चालीशी काटकोनात असल्याने त्याचे कार्य शून्य, मात्र तो नांगर उचलून धरतो. दोर फार आखूड झाला तर ओढ जास्त तिरकी होते, नांगर वर येतो आणि बैलांचा जोर फुकट जातो. दोराची लांबी आणि जोडण्याची जागा बदलून नांगराची खोली राखायची, हे कसलेल्या नांगऱ्याला हातानेच समजते.

मातीच्या विरोधाचेही दोन भाग पडतात. माती कापणे, उचलणे आणि उलथणे यासाठी लागणारा जोर हे खरे काम. ते टाळून चालणार नाही, कारण त्यासाठीच तर नांगर धरला. फाळ आणि पत्रा मातीवर घासतो तेवढा जोर मात्र उष्णता आणि झीज यांत वाया जातो. काळ्या मातीत ओल जास्त असली की ती चिकटते आणि हा वाया जाणारा भाग वाढतो. वापरून गुळगुळीत झालेला लोखंडी पत्रा माती लवकर सोडतो. धारदार, टणक फाळ कमी जोरात कापतो आणि झिजला तर तेवढाच बदलता येतो. मातीचे ऋण कार्य शून्य कधीच होणार नाही. त्यातला निकामी वाटा कमी करता येतो आणि उरलेल्यातून पलटलेल्या जमिनीच्या रूपाने मोबदला मिळवता येतो. एकदाच नांगरून काम भागले, तर बैलांची दुसरी वीस किलोमीटरची चाल वाचते. लोखंडी नांगराचा खरा फायदा इथे होता.

निवडुंगाचा माळ

नांगराला मागणी येऊ लागली आणि बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. अशा वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या राज्यात बोलावले. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ होता. पाण्याची टंचाई. १९१० साली लक्ष्मणराव बरोबरच्या मोजक्या माणसांसह तिथे आले, निवडुंग तोडले, घरे आणि कारखाना उभा केला. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ती हीच.

वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांना गावात कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांच्या हाती कारखान्याची राखण दिली. गावे जुन्या रीतींवर चालण्याच्या त्या काळात हेही विरोधाला तोंड देणेच होते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले. देशी नांगराला त्यामुळे संधी मिळाली, पण कारखान्याला लोखंड आणि कोळसा मिळवण्याची ओढाताणही तेव्हाच सोसावी लागली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. मालाची माहिती देण्यासाठी सुरू झालेले ते पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक आणि शेतीची इतर अवजारे वाडीत तयार होऊ लागली.

मोटेची धाव आणि पंप

१९२० च्या दशकात वाडीत पंप तयार होऊ लागले. तोवर विहिरीचे पाणी शेताला द्यायचे साधन म्हणजे मोट. मोटेची धाव विहिरीपासून दूर जाताना उतरती केलेली असते. भरलेली मोट वर येते तेव्हा बैल उतारावरून खाली जात असतात. पृथ्वी मोटेतल्या पाण्यावर ऋण कार्य करते, पण बैलांच्या स्वतःच्या शरीरावर धन कार्य करते. बैलांचे वजन पाणी उचलायला हातभार लावते. रिकामी मोट विहिरीत उतरताना बैलांना धाव चढून परत यावे लागते आणि तेव्हा तेच वजन त्यांच्याकडून उसनवारी वसूल करते. धाव करणाऱ्या जुन्या लोकांनी कोणतेही सूत्र न वाचता भरलेल्या फेरीचा भार रिकाम्या फेरीवर वाटून टाकला होता.

पंपात जाणे-येणे नाही. फिरणारा पंखा पाण्याला सतत ढकलतो आणि पाण्यावर धन कार्य करतो. पृथ्वी त्याच पाण्यावर ऋण कार्य करते, नळीच्या भिंती घासतात आणि त्यांचेही ऋण कार्य त्यात मिळते. नळी अरुंद असली, वळणे जास्त असली, आतून गंजलेली असली, तर घासण्याचा वाटा वाढतो. पृथ्वीचा वाटा मात्र कोणत्याही कारागिरीने कमी होत नाही. पाणी जेवढे खोल, तेवढा तो ठरलेलाच.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत यंत्रविद्या शिकून परतले आणि कारखान्यात आले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या सुरू झाल्या. पंप, त्याला फिरवणारे इंजिन आणि विजेची मोटार, तिन्ही एकाच घराण्याच्या कारखान्यांत तयार होऊ लागले. मोटेवरचे बैल हळूहळू सुटले.

शंभर मीटर खाली

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. लोखंडाने जमीन बाटते असे मानणाऱ्या पिढीची नातवंडे तोवर लोखंडी नांगर आणि पंप रोजच वापरत होती.

धाराशिवसारख्या वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात त्यांच्या आयुष्यातला शेवटचा धडा आज सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी दहा मीटरवर असेल, तर कोणतीही गळती किंवा घर्षण नसलेल्या आदर्श पंपाने एका युनिट विजेत सुमारे ३६ हजार लिटर पाणी वर येईल. पाणी शंभर मीटर खाली गेले, तर त्याच युनिटमध्ये सुमारे ३,६०० लिटरच येईल. प्रत्यक्षातला पंप यातले निम्मे दिले तरी पुष्कळ. पंप कितीही चांगला असो, खोली दहापट झाली की पृथ्वीचे ऋण कार्यही दहापट होते. त्याची भरपाई विजेच्या बिलात किंवा डिझेलच्या पिंपात करावी लागते.

नळीतले घर्षण कमी करणे, गळती थांबवणे, खोलीला साजेसा पंप निवडणे, एवढे यंत्राच्या बाजूने शक्य आहे. उरलेले काम जमिनीच्या बाजूने करावे लागते. बांधबंदिस्ती करून, नाला अडवून, शेततळे भरून पाणी मुरवले आणि विहिरीची पातळी दहा मीटर वर आली, तर त्यानंतर उपसलेल्या प्रत्येक हजार लिटरमागे सुमारे ९८ हजार ज्यूल वाचतात. हजार लिटरला हे थोडे वाटते. हंगामभर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात ते थोडे राहत नाही.

बेंबळीच्या शाळेतल्या मुलाने वहीत बादलीचे चित्र काढून वर आणि खाली बाण दाखवले की गुरुजी बरोबरची खूण करतात. खालच्या बाणाची किंमत त्याच्या घरी दर महिन्याला कोणीतरी भरत असते. ती कशी कमी करता येईल, हा प्रश्न त्याने घरी नेला, तर त्या धड्याचे दोन गुण कारणी लागले असे म्हणता येईल.